माळ्यावरची मिठाची बरणी

३, मंगळवार

चिठ्ठी मागितली तर हातात वही दिली! शंभर पानी, रेघांची, वर फुलपाखराचं चित्र. मी काय चौथीतली पोर आहे? सातवीत शाळा सुटली, त्यानंतर मी जे काही लिहिलं ते गिऱ्हाइकांच्या मापांपुरतं. छाती, कंबर, उंची. आता बावन्नाव्या वर्षी म्हणे रोज लिहा, बहीण किती झोपली, काय जेवली, गोळी घेतली का, आणि शेवटी ‘तुम्हाला काय वाटलं’. मला काय वाटलं याचा तिच्या आजाराशी काय संबंध? ताप आलेल्याच्या शेजाऱ्याला कुणी थर्मामीटर लावतं का?

मला साधी चिठ्ठी हवी होती. ‘हिला एकटीला राहता येणार नाही’ एवढं एक वाक्य, खाली सही आणि शिक्का. ही म्हणजे माझी धाकटी बहीण. त्रेचाळीस पूर्ण झाली, छापखान्यात प्रुफं तपासते. आजाराला केंद्रात बायपोलर म्हणतात. घरात आम्ही चढ आणि उतार म्हणतो. चढ आला की डोकं वर जातं, उतार आला की पलंगावरून उठवत नाही. दोन वर्षांपूर्वी मोठा चढ आला तेव्हा तिने माझ्या गिऱ्हाइकांचे बावीस पडदे एकाला एक जोडून गच्चीवर तंबू ठोकला आणि सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. लोक ताटं घेऊन आलेसुद्धा. स्वयंपाक काहीच नव्हता. मग तीन महिने उतार. तेव्हापासून लिथियमच्या गोळ्या, ठरल्या तारखेला रक्त तपासायचं, आणि हे समुपदेशन केंद्र.

आता दीड वर्ष बरी आहे, तर बाईसाहेब म्हणतात, छापखान्याच्या वरची खोली रिकामी होतेय, एक तारखेपासून मी तिथे राहीन. एकटी. मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी नाही.

केंद्रातल्या बाईला समुपदेशक म्हणायचं असतं. तो शब्द मला एका दमात लिहिता येत नाही, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणणार. चष्मेवाली म्हणाली, “मावशी, चिठ्ठीने माणूस घरात राहत नाही. महिनाभर लिहा. एकतीस तारखेला आपण तिघी बसू, तुम्ही वाचून दाखवा, मग खोलीचं ठरवू.” मावशी! माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असेल.

वर एक छापील कागदही दिला. गोळ्या घेणाऱ्यांच्या घरच्यांनी काय करावं, काय करू नये. अक्षर मुंगीएवढं. कागद मात्र छान जाड आहे.

काय वाटलं: राग.

५, गुरुवार

धाकटी: झोप सात तास, जेवण दोनदा, गोळ्या बरोबर. मी समोर बसून घ्यायला लावते आणि तोंड उघडून बघते. ती म्हणते, “ताई, घोड्याचे दात मोजतेस का?” मोजते. मोजायला नकोत?

मला आठवडाभर चक्कर येत होती म्हणून आज डॉक्टरकडे गेले. रक्तदाब वाढलाय म्हणाला. मीठ तोडा. मी घरी आले आणि मिठाची बरणी उचलून थेट माळ्यावर टाकली. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशी. दोघींसाठी दोन-दोन भाज्या कोण करणार? आणि विचार केला तर दोघींचं दुखणं एकच. माझाही दाब डोक्यात चढतो, तिचंही डोकंच चढतं. मीठ तोडल्याने माझं उतरणार असेल तर तिचंही जागेवर राहील. हे त्या चष्मेवालीला सुचलं नाही.

काय वाटलं: बरं वाटलं. काहीतरी हातात आल्यासारखं.

९, सोमवार

“ताई, हे जेवण आहे की शिक्षा?” धाकटी ताटाकडे बघून म्हणाली.

“गिळ मुकाट्याने. तुझ्याच भल्याचं आहे.”

“भलं इतकं अळणी असतं हे माहीत नव्हतं.” आणि हसली. जरा जास्तच हसली. मी लिहून ठेवतेय, जास्त हसली. आईही असंच हसायची, मान मागे टाकून.

आईला हा आजार नव्हता. त्या काळी हा आजार नव्हताच. आई फक्त उत्साही होती. मनात आलं की चार-चार दिवस न झोपता मशीन चालवायची, आम्हाला एकाच कापडाचे सात फ्रॉक शिवायची. मग कधी कधी महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडायची. कामाचा शीण, दुसरं काय? तेच मशीन मी चालवते. चाक अजून तिच्याच हाताचं असल्यासारखं फिरतं, सुरुवातीला जरा अडतं आणि मग सुटतं.

दुपारी पुन्हा दारावर थापा पडल्या. तीन. मशीन थांबवलं की पडतात, दुपारीच. मी बघायला जात नाही. पूर्वी जायचे. दाराबाहेर कुणी नसतं. चाळीस वर्षांत कुणी नव्हतं. आता मी पायडल जोरात मारते आणि पुढची टीप घालते. हे चष्मेवालीला वाचून दाखवणार नाही. हे पान चिकटवून टाकीन.

१०, मंगळवार

केंद्रात घरच्या माणसांचा वर्ग असतो. गोल खुर्च्या मांडतात आणि प्रत्येकाने बोलायचं. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसतो, त्याच्या बायकोला आहे. म्हणाला, “चढ असला की तिचं गल्लीभर प्रेम, उतार असला की कुणावरच नाही. दोन्हीकडून मी आपला उपाशी.” सगळे हसले. मीही हसले. मग तो म्हणाला, “पण खरं सांगू का, हल्ली ती नुसती खूश असली तरी मी कॅलेंडर बघतो. तिने शेवटचं गाणं म्हटलं तेव्हा मी गोळ्या मोजायला गेलो. तेव्हापासून म्हणत नाही.” यावर कुणी हसलं नाही.

चष्मेवालीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

धाकटी: झोप सहा तास. पाणी खूप पिते. रात्रीतून तीनदा उठली.

काय वाटलं: पोस्टमन जास्त बोलतो.

१४, शनिवार

शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, साठ शर्ट. धाकटीला म्हटलं, सुट्टी आहे तर सुईत दोरा ओव. आठ वेळा प्रयत्न केला. दोरा सुईच्या नाकाजवळ न्यायची आणि हात लटपटायचा. गोळ्यांनी थोडा हात कापतो हे ठाऊक आहे, पण हे थोडं नव्हतं. पेला धरला तर पाणी सांडलं.

मी म्हटलं, “नाटकं करू नकोस. काम टाळायचं तर सरळ सांग.”

“ताई, खरंच होत नाही. पोटातही ढवळतंय. मला रक्त तपासायला जायचंय. तारीख कालचीच होती.”

“साठ शर्ट झाले की जाऊ. पुढच्या आठवड्यात.”

“मी एकटी जाऊन येते ना.”

“एकटी, एकटी, एकटी! तुझ्या तोंडात दुसरा शब्द नाही का?”

तिने सुई उशीत खोचली. खरं सांगायचं तर मला वाटतं, खोलीचं पुढे ढकललंय म्हणून ती आजारी पडतेय. माणूस मनात आणलं की पडतो आजारी. आणि दुसरंही कळतंय मला. या महिनाभर तिला शहाण्यासारखं वागायचंय, कारण वहीत लिहिलं जाणार. म्हणून अळणी जेवते आणि तक्रार करत नाही. मीही म्हटलं, असू दे. वहीला घाबरून का होईना, शहाणी वागते आहे.

कॉलरसाठी जाड कागद हवा होता. केंद्रातला तो छापील कागद घेतला आणि साचा कापला. झकास बसला.

काय वाटलं: कंटाळा.

१७, मंगळवार

आज वर्ग संपल्यावर चष्मेवालीने मला थांबवून घेतलं. धाकटीने तिला फोन केला होता म्हणे, हात फार कापतात म्हणून. माझ्या पाठीमागे फोन! चष्मेवाली म्हणाली, “मावशी, घरात काही बदललंय का? झोपेची वेळ, खाणंपिणं, दुसरी एखादी गोळी?”

मला राग आला. चाळीस वर्षं मी हिला करून घालतेय. तीन वर्षांची होती तेव्हापासून. हिच्या शिक्षणासाठी मशीनवर पाय झिजवले, लग्न केलं नाही, आणि आता माझ्या स्वयंपाकावर बोट? मी म्हटलं, “काही बदललेलं नाही. जे आई करायची तेच मी करते.”

“रक्त तपासलं?”

“तपासणार आहोत.”

“उद्याच जा. वाट बघू नका.”

हो म्हटलं. घरी आले तर शाळेचा शिपाई शर्टांसाठी दारात उभा. उद्या नाही, शुक्रवारी जाऊ.

काय वाटलं: सगळ्यांना माझ्यावरच संशय.

१९, गुरुवार

दुपारी छापखान्याचा मालक धाकटीला रिक्षातून घेऊन आला. म्हणाला, “ताई, हिला घरी ठेवा. एकच ओळ चार वेळा वाचतेय आणि बोलणं कळत नाहीये.” तिची जीभ जड झाली होती. शब्द तोंडात चिखलात रुतल्यासारखे. मी तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “प्यायले नाहीये गं,” म्हणाली. एवढं मात्र स्पष्ट म्हणाली.

तिला आत नेलं. ती पुढे, मी मागे. पाय फेंगडे टाकत, भिंतीला हात लावत चालली होती. बोळातल्या उजेडात पाठमोरी दिसली आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. आई होती. तीच पाठ, तोच अंबाडा सुटत आलेला. मी ‘आई’ म्हणाले की नाही आठवत नाही. धाकटीने मात्र वळून बघितलं.

उतार आहे हा. नक्की उतार. पडू दे चार दिवस. घरात आहे, माझ्या नजरेसमोर आहे, यापेक्षा आणखी काय पाहिजे? मी भाताची पेज करून दिली. बिनमिठाची. अर्धी उलटून पडली.

रक्ताचं उद्या. मालकाने विचारलं, एक तारखेची खोली धरून ठेवू का? मी म्हटलं, सोडा आता. त्याने धाकटीकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही म्हणाली की हो म्हणाली, ते कळलं नाही.

काय वाटलं: लिहू नये ते वाटलं. सुटले असं वाटलं.

२१, शनिवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. वही पिशवीत होती, कशी आली माहीत नाही. मी पिशवीत तिचे कपडे भरले असं मला वाटत होतं, तर कपडे नव्हतेच. वही, कात्री आणि माप घ्यायची फीत.

काल रक्त तपासायला गेलो नाही. ती झोपली होती, उठवलं नाही.

आज दुपारी शेवटच्या पडद्याला दुमड घालत होते. टीप संपली, पाय थांबला. आणि थापा. तीन. मी तोंडातला दोरा तोडला आणि म्हटलं, ठोक. ठोक बाई, किती ठोकायचं तेवढं ठोक. पुढची बाजू मशीनखाली घेतली. परत तीन. या वेळी हळू. मी पायडल इतकं जोरात मारलं की सुई कापडाबरोबर माझ्या नखात गेली. नंतर थापा पडल्या नाहीत. मी पडदा पुरा केला. चारही बाजू. इस्त्री केली. घडी घातली. मग धाकटीला चहा विचारायला गेले.

ती न्हाणीत होती. आतून कडी लागलेली. खालच्या फटीतून तिची बोटं बाहेर आलेली दिसली.

कडी तोडायला शेजारचा सुतार आला. चारही बाजू दुमडायला मला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. मी रोज लावते तो वेळ.

काय वाटलं:

२२, रविवार

अतिदक्षता विभागात जास्त वेळ सोडत नाहीत, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. तिला नळ्या लावल्यात. झोपेत काहीतरी पुटपुटते. मी कान जवळ नेला तर म्हणाली, “हात काढ. ताई, हात काढ ना.” मी तिला हातही लावला नव्हता. माझे दोन्ही हात मागे बांधलेले होते, नर्सने सांगितलं होतं म्हणून. नर्सला बोलावलं, नळीची पट्टी टोचत असेल म्हटलं. तिने बघितलं. पट्टी ठीक होती.

“हात काढ,” परत म्हणाली. लहान मुलीच्या आवाजात.

२४, मंगळवार

वर्गाला गेले नाही. वाचली. मूत्रपिंडं आता सुधारतायत म्हणाले, बहुतेक पूर्ण बरी होईल. बहुतेक.

डॉक्टरने मला खोलीत बोलावलं. तरुण आहे, पण बसायला खुर्ची दिली. रक्तात लिथियम फार वाढलं होतं म्हणाला, विष झालं होतं त्याचं. म्हणाला, “उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी पडलं, जेवणातलं मीठ एकदम कमी केलं, की असं होतं. अंगातलं मीठ कमी झालं की शरीर लिथियम बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. तुमच्याकडे काय झालं असेल?”

भिंतीवर मूत्रपिंडाचं चित्र होतं, ते बघत बसले.

“आजी, काही आठवतंय?” आजी म्हणाला. आजवर कुणी म्हटलं असतं तर दात पाडले असते.

“मीठ,” मी म्हटलं. “मी तोडलं. सोळा दिवस.”

तो रागावला नाही. लिहून घेतलं. म्हणाला, “रक्त वेळेवर तपासलं असतं तर आधीच कळलं असतं. आता इथून पुढे लक्ष ठेवा.” त्याने चार शिव्या द्यायला हव्या होत्या. बाहेर आल्यावर नर्सला विचारलं, त्या बाटलीतून काय देता? ती म्हणाली, “सलाईन. म्हणजे मिठाचंच पाणी, मावशी.” थेंब थेंब. मी ज्याला स्टूल घेऊन माळ्यावर ठेवलं ते हे लोक तिला सुईने देतायत.

घरी आले. शर्टांच्या कातरणांच्या ढिगातून कॉलरचा साचा काढला. चष्मा लावला, खिडकीत धरला. मुंगीएवढं अक्षर, पण वाचता येतं. वाचता येत होतं. वळणाच्या कडेला लिहिलंय: ‘जेवणातील मीठ अचानक कमी किंवा’ आणि तिथून कात्री गेलीय. पुढचं अर्धं वाक्य केराच्या टोपलीत. साठ कॉलरी कापल्या मी त्यावर. साठ पोरं ते गळ्यात घालून शाळेत जातायत.

स्टूल घेतलं आणि बरणी खाली काढली. ओट्यावर ठेवली. जागच्या जागी वाटत नाही.

२७, शुक्रवार

आज तिला साध्या वॉर्डात आणलं. खिडकीजवळची खाट. हात अजून कापतात पण पेला धरते. मी केस विंचरून द्यायला गेले तर म्हणाली, “राहू दे.” मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, “ताई, मी थापा मारत होते.”

“ऐकल्या.”

“ऐकल्या?”

“ऐकल्या. मला वाटलं नेहमीच्या.”

“नेहमीच्या म्हणजे?”

मी फणीतले केस काढत बसले. एकेक.

“बोलता येत नव्हतं गं मला,” ती म्हणाली. “जीभच हलत नव्हती. म्हटलं, थाप मारली की ताई येईल. मग मशीनचा आवाज वाढला. मी ओळखते तुझा पाय. तू ऐकून पायडल मारलंस.”

“हो.”

“मिठाचं मला डॉक्टरांनी सांगितलं. त्याचं मला काही नाही. तुला माहीत नव्हतं. मलाही डोकं लावता आलं असतं, मी प्रुफं तपासते, माझा कागद मीच वाचायला हवा होता. पण मशीन का चालवलंस?”

मी फणी पिशवीत टाकली. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग भिंतीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, “मालक येऊन गेले. खोली अजून आहे. मी इथून थेट तिकडे जाणार आहे. चष्मेवालीला मी सांगितलंय.”

म्हणजे तीसुद्धा तिला चष्मेवालीच म्हणते. मला हसू आलं. ती हसली नाही.

२८, शनिवार

धाकटे,

ही वही मी उद्या चष्मेवालीकडे देणार आहे, ती तुला देईल. एकतीसला मी वाचून दाखवायची होती, पण मला सगळ्यांसमोर वाचता येणार नाही. तू वाच. शुद्धलेखन काढत बसू नकोस. चिकटवलेलं पान नाही, सगळी मोकळी आहेत.

मशीन का चालवलं ते सांगते. हे मी बाबांनासुद्धा सांगितलं नाही, ते विचारत विचारत गेले.

आई गेली ती दुपारची. मी बारा वर्षांची, तू तीन. ती शिवत होती. एकदम थांबली. सुई बाहीत तशीच खाली, दोरा न तोडता उठली. त्या आठवड्यात खूप हसत होती, खूप शिवत होती, सात फ्रॉक तेव्हाचेच. चपला घातल्या आणि मला म्हणाली, “दार लावून घे. मी येईपर्यंत कुणाला उघडायचं नाही. कुणाला म्हणजे कुणालाही नाही.” मी कडी घातली. तुला मांडीवर घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसले.

थोड्या वेळाने थापा पडल्या. तीन. तू लगेच ‘आई’ म्हणायला तोंड उघडलंस. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. कुणाला म्हणजे कुणालाही नाही. परत तीन थापा पडल्या, या वेळी हळू. तू हाताखाली धडपडत होतीस, मला चावलीस. मी हात काढला नाही. बाहेर कुणीतरी उभं होतं, दाराखालून सावली दिसत होती. हाक मारली नाही. हाक का मारली नाही, हेच मी चाळीस वर्षं विचारतेय. मग चपलांचा आवाज गेला. चपला कुणाच्या ते मला कळलं होतं की नव्हतं, हे आता मी शपथेवर सांगू शकत नाही. संध्याकाळी बाबा आले. आई अजून आलेली नाही.

तर थापांचं हे असं आहे. पहिल्यांदा उघडलं नाही कारण आईने सांगितलं होतं. नंतर हजार वेळा उघडलं आणि कुणी नव्हतं. म्हणून ज्या वेळी खरंच कुणी होतं त्या वेळी मी पायडल मारलं. माफी मागत नाही. मागून काय होणार?

मी आईला आजार नव्हता असं वर लिहिलंय. ते खोडणार नाही, पण ते वाचून चष्मेवालीने मान हलवली तर मी भांडणार नाही.

आता खोलीचं. जा. मी चिठ्ठी मागणार नाही आणि मागितलेली परत घेते. तिथे मीठ किती घालायचं ते डॉक्टरला विचारून घाल, माझं ऐकू नकोस. रक्त तारखेला तपास. एकटी जा. गोळ्या मोजायला मी येणार नाही, पण हसताना आवाज फार वाढला असं तुला स्वतःला वाटलं तर केंद्रात फोन कर, मला नाही केलास तरी चालेल. माझी तक्रार नाही. थोडी आहे.

एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती तोंडाने विचारता येत नाही म्हणून ही सगळी पानं लिहिली असं समज. मी कधीतरी तुझ्या खोलीच्या दाराशी येईन. मोकळ्या हाताने, काही तपासायला नाही. तीन थापा मारणार नाही. चार मारीन, म्हणजे तुला कळेल की मी आहे. आणि हाकही मारीन.

तू उघडशील का?

विचार करून सांग, पण सांग. मनात आहे ते कळलंच असेल असं म्हणून गप्प राहू नकोस, दाराच्या आत गप्प राहणं काय असतं ते मी केलेलं आहे. एकतीसला, मंगळवारी, मी पाच वाजता केंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. आत येणार नाही. पाचच्या आत मला उत्तर हवं. हो, नाहीतर नाही.